मुंजाबा आणि वाकडा पोल

मुंजाबा एखाद्या काठीला वाकडी म्हणाला की ती वाकडी. त्यावर अपील नव्हतं. खुलताबादच्या डोंगरावर त्याच्या वाडीतली माणसं बांबू तोडून आणायची आणि आधी त्याच्यासमोर धरायची. तो काठीचं एक टोक जमिनीला टेकवायचा, दुसरं डोळ्याजवळ आणायचा, एक डोळा मिटायचा आणि दोन श्वासांत निकाल द्यायचा. मग ती काठी निखाऱ्यावर नेमकी कुठं फिरवायची, तेल कधी चोळायचं, आणि ऊन असतानाच झाडाच्या बेचक्यात घालून कुठल्या अंगाला दाबायची, हे सगळं तो तोंडातून अक्षर न काढता करायचा. ही विद्या त्याला बापाकडून, मल्हाररावाकडून आली होती. धनगराच्या घरात काठीचे उपयोग हजार. तिच्यावर रेलून दिवस काढायचा, तिनं शेंगा झोडायच्या, कुत्री हाकलायची, आणि ओढा आडवा आला की तीच पाण्यात रोवून पलीकडं जायचं. वाकडी काठी घेऊन हिंडणाऱ्याला मल्हारराव माणसात धरत नसे.

मुंजाबा जन्मला पोलीस अ‍ॅक्शनच्या दुसऱ्या वर्षी. बहात्तरच्या दुष्काळात घरची मेंढरं गेली आणि हा तेवीस वर्षांचा गडी काठी खांद्यावर टाकून शहरात उतरला. छावणीच्या अंगाला एका कॉलेजचं मैदान सपाट करायचं काम चालू होतं, तिथं रोजानं लागला. मैदान झालं, रोजंदार पांगले, हा मात्र राहिला. पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या. पुढं कायम झाला, मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली मिळाली, सारजाबाई आली, दोन पोरी झाल्या, त्या पुढं सासरी गेल्या. त्या दोघींनंतर पाळणा आटोपला असं वाटत असताना चाळिशीच्या आसपास तिसरी झाली, तिचं नाव आजीवरून सखूबाई ठेवलं. असं जुनं नाव ठेवल्याबद्दल सखूनं बापाला शाळेपासून कॉलेजपर्यंत कधी माफ केलं नाही.

माणूस तसा गरीब. साहेबापुढं मान खाली, कारकुनापुढं मान खाली, बायकोपुढं तर विचारूच नका. पण काठीचा विषय निघाला की ह्याचा ताठा बघण्यासारखा. काठीबद्दल त्यानं उभ्या जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या दुःखाचं मूळ एवढ्यातच होतं, पण ते पुढं.

सखू पोल व्हॉल्टकडं, म्हणजे बांबूच्या उडीकडं, वळली ती एका चरामुळं. मैदानामागं नळासाठी खणलेला चर कॉन्ट्रॅक्टरनं तसाच सोडून दिलेला. बाकीच्या पोरी लांबून वळसा घालून यायच्या. सखू बापाची काठी घ्यायची, चार पावलं धावायची, काठी चरात रोवायची आणि पुस्तकांसकट पलीकडं उतरायची. हे बद्रीनाथ सरांनी पाहिलं. बद्रीनाथ सर म्हणजे कॉलेजचे खेळाचे शिक्षक, तरुण, शिस्तीचे, शिट्टी गळ्यात घालूनच जन्मल्यासारखे. त्यांनी सखूला बोलावून पुन्हा एकदा उडी मारायला लावली, मग आणखी एकदा, आणि म्हणाले की आमच्या विद्यापीठात ही उडी मारणारी मुलगी शोधून सापडत नाही आणि तू इथं चर ओलांडत बसलीस.

सुरुवात बांबूनं झाली. पहिले पंधरा दिवस तर उडी नाहीच. नुसता बांबू घेऊन चालायचं. उजवा हात वर, डावा खाली, बांबूचं टोक समोर, आणि शेवटच्या तीन पावलांत तो डोक्यावर न्यायचा. सखूला वाटायचं, ह्यात काय शिकायचं? पण धावताना लांब बांबू हातात असला की तो आपल्यालाच फिरवतो, हे तिला दोन वेळा तोंडावर पडल्यावर कळलं. मग वाळूच्या खड्ड्यात उड्या, मग जमिनीत पुरलेली पेटी. ही पेटी म्हणजे पत्र्याचा उतरता खळगा. धावत येऊन बांबूचं टोक त्यात घुसवायचं, तिथं ते अडतं आणि माणूस वर जातो. टोक पेटीत, हात पूर्ण ताणलेले, डाव्या पायानं उडी. हे एकदा जमलं की बाकीचं सगळं धाडस.

बांबू मुंजाबानं आणले. डोंगरावर जाऊन स्वतः निवडले, भरीव, सारख्या पेराचे. शेकले, तेल पाजलं, सरळ केले, धरायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळली. सरांनी ते हातात घेऊन फिरवून बघितले आणि म्हणाले, असे बांबू मला विकत मिळाले नसते, मुंजाबा. त्या दिवशी मुंजाबा सारजाबाईला ते वाक्य तीनदा सांगून जेवला.

दुसऱ्या वर्षी फायबरचा पोल आला. सरांनी तो पुण्याच्या एका मित्राकडून हंगामापुरता मागून आणला होता. पिवळा, गुळगुळीत, आतून पोकळ, बांबूपेक्षा हलका. सगळ्या पोरी भोवती जमल्या. सरांनी पोलावरचा आकडा दाखवला. पंचावन्न किलो. म्हणजे एवढ्या वजनापर्यंतच्याच खेळाडूनं हा वापरायचा, जास्त वजनाचा माणूस लटकला तर मोडायची भीती. ह्या खुणेच्या वर हात धरायचा नाही. आपटायचा नाही, ओढत न्यायचा नाही, आणि खिळ्याच्या बुटानं चुकूनही पाय द्यायचा नाही. डोळ्याला दिसणार नाही एवढी चीर पडली तरी एक दिवस तो तिथंच मोडणार आणि वर असलेल्याचा जीव जाणार. मुंजाबा पाण्याचा पाइप हातात धरून हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता आणि मान डोलवत होता. सर आणि सखू पुढं अर्धा तास पोल खाली ठेवून, फिरवून, खुणा करून काही बोलत बसले, पण तोवर मुंजाबाला पलीकडच्या कोपऱ्यात पाणी लावायला जावं लागलं. त्याला कुणी परत बोलावलं नाही, आणि त्यानंही नंतर काही विचारलं नाही. अखेर काठीच ती.

सखूची पहिली उडी त्यानं पाहिली आणि डोळेच मिटून घेतले. पोल धनुष्यासारखा वाकला. मोडलाच, असं त्याला वाटलं. डोळे उघडले तर पोल सरळ होऊन बाजूला पडत होता आणि सखू खड्ड्यावर अंथरलेल्या गादीवर हसत होती. हे वाकणं आणि परत येणं हळूहळू त्याच्या अंगवळणी पडलं. तरी मनात एक खुटखुट राहिलीच. कुठलीही काठी अशी रोज वाकवली तर कधीतरी तिचा कस जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

आता सांगतो कशाचा घोर होता ते. विद्यापीठाच्या संघात यायचं तर निवड चाचणीत तीन मीटर पार करावे लागणार होते. चाचणीला पंधरा दिवस उरले आणि सखू दोन मीटर ऐंशीवर अडकली. वरून उडी मारायची ती आडवी दांडी रोज पाडायची. मैदान सोडून खोलीत आली की भिंतीकडं तोंड करून बसायची. सारजाबाईनं विचारलं तर म्हणाली, पोल मला डाव्या अंगाला फेकतोय. सर म्हणत होते की तिचा डावा हात ऐनवेळी ढिला पडतो. पण मुंजाबाच्या कानात पोरीचंच वाक्य राहिलं. पोल डाव्या अंगाला फेकतोय.

मग एक दिवस दुपारी सर गावाला गेलेले, सखू मायबरोबर छावणीच्या बाजाराला गेलेली, आणि सामानाच्या खोलीची किल्ली मुंजाबाच्या कमरेला. त्यानं पोल बाहेर काढला, एक टोक जमिनीला टेकवलं, दुसरं डोळ्याजवळ आणलं आणि एक डोळा मिटला.

वाकडा. चांगला दोन बोटं वाकडा. मधोमध, एका अंगाला.

मुंजाबाला अगदी हायसं वाटलं. इतके दिवस पोरगी रडते, सर ओरडतात, आणि रोग हा. रोज वाकून वाकून काठीनं बाक धरला होता. हा बाक सरांना दिसू नये ह्याचं त्याला नवलही वाटलं नाही; शिकलेल्या माणसांना काठी बघता येत नाही, एवढंच. त्यानं निंबाखाली तीन विटा मांडल्या, बाभळीचे निखारे केले आणि पोलाचा मधला भाग त्यावर हातभर उंचीवरून फिरवायला लागला. बांबूला शेकतो तसा नाही, त्याहून हळू. नाजूक चीज आहे हे त्याला कळत होतं. थोडा वेगळाच वास आला, केस करपल्यासारखा. त्यानं पोल आणखी उचलून धरला. तेल चोळलं. झाडाच्या बेचक्यात घालून दाबला आणि गार होईपर्यंत तसाच धरून उभा राहिला. मग साबणाच्या पाण्यानं पुसला, पोरीचा हात सटकायला नको म्हणून. डोळ्याजवळ धरून पाहिलं. बाक बराचसा निघाला होता. पिवळ्या रंगावर थोडी झाक चढली होती, पण ती असं बघितलं तरच दिसायची.

कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, पोरगी उद्या तीन मीटरवरून जाईल आणि मग आपण हळूच सांगू. ह्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते ह्याच दुपारचं. एवढ्या मायेनं हा माणूस आयुष्यात दुसरं काही करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखूनं दोन हलक्या उड्या मारल्या. पोल आज कडक वाटतोय, म्हणाली. मुंजाबा गालातल्या गालात हसला. तिसऱ्या उडीला सरांनी दांडी वर चढवली. सखू धावली, पोल पेटीत बसला, वाकला, आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. वरचा तुकडा हातात घेऊनच ती खाली आली, निम्मी गादीवर आणि निम्मी पेटीच्या कडेवर. डावं मनगट मोडलं. कपाळाला पाच टाके पडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, मानेवर पडली असती तर तुम्ही इथं बोलत नसता.

ती दवाखान्यात असतानाच मुंजाबा परत मैदानावर आला होता. दोन्ही तुकडे पडले होते तिथंच होते. त्यानं एक उचलला. मोडलेल्या जागी धागे केरसुणीसारखे पिंजारले होते. त्यानं टोकापासून वीत टाकत मोजलं. कालच्या निखाऱ्यावरची जागा त्याला हाताला पाठ होती. तीच होती. तो तिथंच पेटीपाशी बसला.

सर आले, तुकडे उलटेपालटे करून बघितले. वजन बरोबर होतं, हात खुणेच्या खाली होता, मग पोल मोडला कशानं? एकच गोष्ट उरत होती. त्यांनी पोरींना विचारलं की पोलावर कुणी पाय दिला का. एकीनं सांगितलं, परवा सखू खिळ्याचे बूट घालून पोलाजवळून जाताना दिसली होती. दिसली होती एवढंच. पण सरांना तेवढं पुरलं. ज्याला साधन सांभाळता येत नाही त्यानं साधनाला हात लावू नये, असं ते सगळ्यांसमोर बोलले. पुण्याच्या मित्रालाही तसंच कळवलं, की खेळाडूच्या निष्काळजीपणानं मोडला. सखूला पुन्हा पोल मिळणार नाही हे त्या दिवशीच ठरलं.

मुंजाबा तिथं उभा होता. जीभ उचलली नाही.

का उचलली नाही, ह्याची कारणं त्यानं स्वतःला पुष्कळ सांगितली. नोकरीची दोन वर्षं उरली आहेत. खोली नोकरीबरोबर आहे. सारजाबाईला कुठं न्यायचं? आणि कुणास ठाऊक, कदाचित चीर आधीच असेल. ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण लाजेचं होतं. डोंगरावरच्या वाडीनं ज्याच्यासमोर काठ्या धरल्या, त्या मुंजाबानं काठी शेकून मारली आणि पोरीचा हात मोडला, हे त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणवत नव्हतं. चाचणीचा दिवस आला आणि गेला. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून सखू दारात बसून राहिली.

पहिल्या आठवड्यात ती भांडत होती. म्या पाय दिला नाय, माय, शपथ घेते, म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात आवाज खाली आला. ती आठवायला लागली. त्या दिवशी मी बूट कुठं घातले? पाणी प्यायला कुठून गेले? पोल डावीकडं होता की उजवीकडं? खडूनं फरशीवर मैदान काढून ती एकेक पाऊल टाकून बघायची. मुंजाबा भाकरी खाताना ते बघायचा आणि उरलेली भाकरी तशीच टोपल्यात ठेवायचा. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती मायला म्हणाली, "दिला आसंल पाय. मला आठवत नाय, पन दिल्याबिगर पोल कसा मोडंल?"

सारजाबाई म्हणाली, जाऊ दे, चुका माणसाच्या हातूनच होतात. आणि मुंजाबा, जो हे एका वाक्यात मिटवू शकत होता, तो तांब्या घेऊन पाणी आणायला बाहेर गेला.

सखूनं सरांना चिठ्ठी लिहिली. पोलावर माझ्याच हातून पाय पडला असावा, माझी चूक मला कबूल आहे, पुढच्या वर्षी निदान बांबूवर तरी सराव करू द्यावा. चिठ्ठी चौपदरी घडी करून तिनं बापाच्या हातात दिली, कारण सरांना रोज भेटणारा तोच. मुंजाबा चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं निंबाखाली उभं राहून अक्षर अक्षर लावत ती वाचली. दोन दिवस ती त्याच्या खिशात राहिली. एकदा वाटलं, फाडून टाकावी. एकदा वाटलं, ही देतानाच सगळं सांगून मोकळं व्हावं. तिसऱ्या दिवशी सखूनं विचारलं, आबा, सर काय म्हणले? मग त्यानं जाऊन चिठ्ठी दिली आणि खाली मान घालून उभा राहिला.

सरांनी वाचली. दोनदा वाचली. त्यांचा चेहरा मऊ झाला. पोरीत हिंमत आहे, म्हणाले, चूक कबूल करायला छाती लागते. तिला सांगा, प्लास्टर निघालं की ये. पुण्याच्या मित्रालाही मी लिहीन.

झालं. आता बोलायची गरजच उरली नव्हती. पोरीला माफी मिळाली, सर खूश, नोकरी शाबूत, खोली शाबूत. मुंजाबानं घरी येऊन निरोप सांगितला तेव्हा सखू पहिल्यांदा मोकळं रडली. कबूल केल्यानं मनावरचं ओझं उतरलं म्हणाली. सारजाबाईनं शिरा केला. मुंजाबानं तो खाल्ला. मी ह्या माणसाची बाजू पुष्कळ घेतो, पण तो शिरा त्यानं कसा खाल्ला हे मला अजून उमगलेलं नाही.

प्लास्टर निघालं. हात थोडा बारीक झाला होता, पण डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. सखू बांबू घेऊन धावपट्टीवर उभी राहिली. सरांनी दांडी अगदी खाली लावली होती, दोन मीटरवर, झोपेतही जाईल अशी. एवढ्या उडीला गादी लागत नाही, म्हणून मुंजाबा खड्ड्यातली वाळू खोऱ्यानं सैल करत होता. ती धावली. पेटीच्या चार पावलं आधी तिनं खाली पाहिलं आणि थांबली.

पुन्हा धावली. पुन्हा खाली पाहिलं, पुन्हा थांबली. सर ओरडले, समोर बघ, पायांकडं काय बघतेस? ती म्हणाली, हो सर. तिसऱ्यांदा तेच. पडण्याची भीती असेल म्हणून सरांनी दांडी काढूनच टाकली. तरी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मैदानावर ती आता चालतानाही जमिनीकडं बघत चालायची. कुठं काही पडलेलं असलं, खोरं असो की पाइप, लांबून वळसा घालायची. चर ओलांडून येणारी पोरगी ही. सरांनी चौथ्या दिवशी तिला बाजूला घेऊन नीट विचारलं, तेव्हा ती म्हणाली की सर, माझं पावलांवर ध्यान नसतं, मला माझाच भरवसा वाटत नाय.

मुंजाबानं खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून हे ऐकलं. सर म्हणाले, मग राहू दे सखू, प्रत्येकाला हा खेळ जमतोच असं नाही. सखूनं मान हलवली. तिनं बांबू उचलला आणि सामानाच्या खोलीकडं निघाली. तिनं बांबू छातीशी आडवा धरला होता आणि नजर खाली, कुठं काही लागू नये म्हणून.

"सर," मुंजाबा म्हणाला. "तिनं पाय दिला नव्हता. पोल म्या मारला."

सरांना कळेचना. मुंजाबानं खोरं खाली ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. किल्ली, विटा, निखारे, तेल, बेचकं, साबणाचं पाणी. बाकीच्या पोरी जवळ आल्या होत्या. सखू बांबू छातीशी धरून तशीच उभी होती.

"पण तुम्ही तो शेकलात कशासाठी?" सरांनी विचारलं.

"वाकडा हुता."

सरांनी कपाळाला हात लावला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मुंजाबाला सोपं गेलं असतं. ते सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "तो तसाच असतो, मुंजाबा. कारखान्यातूनच तसा येतो. कुठल्या अंगाला वाकायचं ते त्याला माहीत असावं म्हणून मुद्दाम थोडा बाक ठेवतात. आम्ही तोच बघून हात धरतो. सखूला मी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मुंजाबाला इथं एक वाट होती. नाही सांगितलं, असं म्हटलं असतं तर ते खरंच होतं.

"म्या इचारलं नाय," तो म्हणाला.

हे ऑफिसात लेखी द्यावं लागेल, मी तुमच्याबरोबर येतो, एवढं सर म्हणाले. मुंजाबानं मान हलवली. नोकरीचं काय होईल, खोलीचं काय होईल, हे त्याच्या मनात त्या क्षणी आलं नाही असं नाही. आलं. पण त्याची नजर सखूवर होती.

ती पुढं आली. "मंजी म्या पाय दिलाच नव्हता," ती म्हणाली. बापाला नाही, आपल्याशीच. मग बापाकडं बघून तिनं विचारलं, "आबा, तुमाला कवापासून ठावं हुतं?"

आत्ता ध्यानात आलं, असं म्हणता आलं असतं. काल-परवा आलं, असंही म्हणता आलं असतं. पोरीचा डोळा त्या उत्तरावर लागला होता, आणि तिला काय ऐकायचंय हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"त्याच दिवशी," मुंजाबा म्हणाला. "तू दवाखान्यात हुतीस तवा. तुकडा हातात घेतला की कळलं."

"चिठ्ठी न्हेली तवा बी ठावं हुतं."

"व्हय."

"मी फरशीवर पावलं मोजायची तवा बी."

"व्हय."

सखू रडली नाही. तिनं बापाकडं जे पाहिलं ते मुंजाबा मरेपर्यंत विसरणार नव्हता, कारण त्यात राग कमी होता आणि अनोळखीपणा जास्त. मग ती वळली, धावपट्टीच्या टोकापर्यंत गेली आणि बांबू उचलून धरला. ती धावली. मुंजाबाला बघवेना, तो जमिनीकडं बघत राहिला. त्याला नुसती पावलं ऐकू आली. पेटीपर्यंत ती कुठंही अडखळली नाहीत. मग टोक पेटीत बसल्याचा आवाज आला आणि वाळूत ती उतरल्याचा.

त्यानं मान वर केली तेव्हा ती अंगावरची वाळू झटकत सरांशी बोलत होती. तिनं पुन्हा बांबू घेतला, आणि टोकाकडं परत जाताना त्याच्या हातभर अंतरावरून गेली, थांबली नाही.

त्या दिवसानंतर आठ महिने ती बापाशी मायकरवी बोलली.